कांद्याच्या हिशेबाच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे कसे तपासावेत

लासलगावच्या बाजारात कांदा विकणाऱ्यासाठी क्विंटलमधील वजन, दर आणि खर्च विचारणारा साधा कॅल्क्युलेटर बनवताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे जावास्क्रिप्टला (वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेला) फॉर्मच्या रकान्यातून मिळणारी 'व्हॅल्यू' नेहमी मजकूर असते. त्यामुळे हमाली ३०० आणि वाहतूक १२०० यांची अधिक चिन्हाने बेरीज केल्यास १५०० नव्हे, तर ३००१२०० मिळतात. गुणाकारात मात्र मजकुराचे आकड्यात रूपांतर आपोआप होते, म्हणून ही चूक उशिरा सापडते.

रूपांतरासाठी 'पार्सफ्लोट' (मजकुरातून आकडा वाचणारे फंक्शन) वापरणे मला धोक्याचे वाटते, कारण ते '1,850' मधील स्वल्पविरामापाशी थांबून १ देते आणि तक्रारही करत नाही. 'नंबर' हे फंक्शन अधिक कडक आहे, ते असा मजकूर आकडा म्हणून स्वीकारत नाही. तरीही रिकाम्या मजकुराचे ते शून्य करते, म्हणून 'ट्रिम' करून (कडेच्या मोकळ्या जागा काढून) रकाना रिकामा नाही ना, हे आधी पाहावे. त्यानंतर स्वल्पविराम काढावेत आणि देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलावेत, कारण देवनागरी अंक 'नंबर'ला कळत नाहीत. त्यासाठी अक्षराच्या युनिकोड क्रमांकातून (संगणकात प्रत्येक अक्षराला असलेल्या ठरावीक क्रमांकातून) २४०६ वजा केले की पुरते. रकान्याचा प्रकार 'नंबर' ठेवल्यास अमान्य नोंदीची व्हॅल्यू रिकामी येते. म्हणून प्रकार 'टेक्स्ट' ठेवून 'इनपुटमोड' (मोबाइलवर कोणता कीबोर्ड उघडावा ते सांगणारा गुणधर्म) 'डेसिमल' द्यावा.

शेवटी 'नंबर.इजफायनाइट'ने रूपांतरातून खरोखर आकडा मिळाला का ते तपासावे, वजन शून्यापेक्षा जास्त आहे का ते पाहावे आणि चूक असल्यास 'अवैध इनपुट' असे न म्हणता 'वजन क्विंटलमध्ये लिहा, उदा. १२.५' असा संदेश त्या रकान्याखालीच दाखवावा.