मुलांच्या ताटात काय कमी पडतंय, हे घरच्या घरी कसं तपासावं

इंदूरच्या मराठी घरांत सकाळचे पोहे ठरलेले. वर शेव, जीरावन मसाला, दुपारच्या डब्यात पोळी-बटाट्याची भाजी. ‘आमच्याकडे खाण्यापिण्याची कमी नाही’ हे वाक्य अशाच घरांत सर्रास ऐकू येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची ७२.७ टक्के मुलं रक्तक्षयी, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली, आढळली. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने तर आणखी वेगळंच दाखवलं: रक्तक्षय गरीब घरांत जास्त, पण शरीरातल्या लोहाची कमतरता शहरी आणि सुखवस्तू घरांत जास्त. तेव्हा पगार बघून निर्धास्त होऊ नका, वही काढा.

१. तीन दिवस लिहा. दोन शाळेचे, एक रविवार. छप्पन दुकान किंवा सराफा अशा खाऊगल्लीची फेरी झाली तर तीही लिहायची. प्रत्येक मुलाचं पान वेगळं. वाढलं किती ते नको, पोटात गेलं किती ते हवं. डब्यातून परत आलेली भाजी वजा करा. माप साधं: वाटी, पळी, पोळी. जेवणासोबत चहा घेतला असेल तर तोही टिपा.

२. गट मोजा. धान्य, डाळी-कडधान्य-दाणे, दूध-दही, अंडी, मांस-मासे, पालेभाज्या व पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर फळं-भाज्या. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळासाठी यात आईचं दूध हा आठवा गट धरतात आणि रोज निदान पाच गट पोटात जावेत असं मानतात. मोठ्या मुलांसाठी ठरावीक आकड्याच्या मागे लागू नका, कोणता गट तिन्ही दिवस कोरा राहिला तेवढं पाहा.

३. भावाबहिणीची पानं शेजारी ठेवा. ही पायरी टाळावीशी वाटते, म्हणूनच ती करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला रोज २२ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलीला ३०. ऊर्जेची गरज उलटी: मुलाला २८६० कॅलरी, मुलीला २४००. म्हणजे ती कमी खाणार आणि त्या कमी जेवणातून लोह मात्र जास्त मिळवणार. घरात काय होतं? ‘तो खेळून आलाय’ म्हणून अंडं त्याच्या ताटात जातं, उसळीची घट्ट पळी त्याला, आणि ती आईबरोबर शेवटी बसून कढईला लागलेलं पोळीने पुसून घेते. कुणी मुद्दाम करत नाही. वरच्याच पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षय ४० टक्के निघाला, मुलांत १८.

उपाय फुकट आहे: उसळ, अंडं, दही ताटं मांडतानाच मोजून वाढा, पातेलं मध्ये ठेवून ‘घ्या हवं तेवढं’ नको.

४. कोरा गट भरा. लोहासाठी मोड आलेली कडधान्यं, राजगिरा, पालेभाजी. वर लिंबू पिळायचंच. चहा जेवणानंतर तासाभराने. गुळावर फार विसंबू नका, चमचाभरात लोह जेमतेम. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. बी-१२ शाकाहारी घरात दूध-दह्यातूनच मिळतं, आणि पाण्यासारखं ताक म्हणजे दही नव्हे. ड जीवनसत्त्व आहारातून फारसं मिळत नाही, मुलं उन्हात खेळायला हवीत. हात तंग असेल तर फुटाणे-शेंगदाणे आणि हंगामातली स्वस्त भाजी. हात सैल असेल तर आधी बिस्किटांचे आणि चिप्सचे पुडे मोजा, कारण तिथे कमतरता बहुतेकदा पुडा जेवणाची जागा घेतो म्हणून असते.

५. रक्त तपासा. ५ ते ११ वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली किंवा १२ ते १४ वयात १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. सरकारी शाळेत आठवड्याला गोळी मिळते, लहानांना गुलाबी आणि १० वर्षांपुढे निळी. ती जेवल्यावर घ्यायची, उपाशीपोटी मळमळतं. मुलगी गोळी दप्तरातच ठेवते का, हेही एकदा बघा.

वही पुन्हा उन्हाळ्यात लिहा. मेथी-पालक संपले की पानं बदलतात.