बंद गाडीतले जुने पेट्रोल: या चुका टाळा

वर्ष-दीड वर्ष उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी जोडायची आणि टाकीत काय आहे हे न पाहताच स्टार्टर मारायचा, ही घाई सर्वांत महागात पडते आणि तरीही सर्वाधिक केली जाते. दीर्घकाळ पडून राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते, आणि पेट्रोल इथेनॉल-मिश्रित असेल तर ते ओलही शोषून घेते. ही ओल मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो. पंपही इंधन तळातूनच उचलतो, त्यामुळे किल्ली फिरवताच हा ऐवज थेट फिल्टर आणि इंजेक्टरकडे निघतो.

माझ्या एका परिचिताचे इंजिन अशा पेट्रोलवर चालू झाले, हेच त्याचे दुर्दैव ठरले. थोडा धूर निघाला, थोडे झटके बसले, पण इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालले, म्हणून त्याने समाधानाने ते बंद केले. वॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनातल्या झडपांच्या, दांड्यांवर साचलेली राळ रात्रीतून थंड होऊन घट्ट झाली, आणि सकाळी स्टार्टर फिरताच उघड्याच अडकलेल्या वॉल्व्हवर पिस्टन आदळला. टाकी उपसण्याचा कंटाळा केल्याबद्दल त्याला इंजिनाचे हेड उतरवावे लागले.

मी आधी थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरतो. तीन महिन्यांपर्यंत मी फारशी चिंता करत नाही. सहा महिने उलटले की बरणी काढतोच, आणि वर्षानंतर बरणीचा निकाल काहीही असो, टाकी रिकामी करतो. रंग तांबूस झाला असेल, वार्निशसारखा आंबूस वास येत असेल किंवा तळाशी वेगळा थर दिसत असेल, तर त्यात ताजे पेट्रोल मिसळून वेळ निभावण्याचा हिशेब मला मुळीच मान्य नाही.

स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल जास्त काळ टिकावे म्हणून त्यात घालायचे रसायन, याविषयीही असाच गैरसमज आहे. ते ताज्या पेट्रोलात घालून, इंजिन थोडा वेळ चालवून, टाकी जवळजवळ भरलेली ठेवून गाडी उभी करायची असते; खराब झालेल्या पेट्रोलात बाटली ओतल्याने ते पूर्ववत होत नाही, पण झटपट उपाय शोधणाऱ्यांना हे पटवणे कठीण असते.

नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नका, ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, म्हणून उपसण्याचे काम मोकळ्या जागेत, बॅटरी सोडवून करावे. काढलेले पेट्रोल गटारात न ओतता घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे. टाकीतला विजेचा पंप इंधनामुळेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी करण्यासाठी तोच चालवत राहू नये.

डिझेल अधिक काळ टिकते; मात्र टाकीत पाणी साचले तर त्यात सूक्ष्मजीव वाढून काळपट चिकटा तयार होतो, म्हणून तिथे आधी फिल्टरमधले पाणी काढून पाहावे. दोन्ही प्रकारांत टाकी साफ करताना फिल्टर बदलावाच, आणि ताज्या इंधनाची पहिली टाकी संपल्यावर मी तो पुन्हा एकदा बदलतो, कारण सुटलेला गाळ तोपर्यंत त्यात येऊन अडकलेला असतो.