रविवारी पायी फिरून सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ कसे पाहावे

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावातील ‘ओल्ड कोर्स’वर खेळायला मिळावे म्हणून जगभरातील गोल्फपटू बऱ्याच आधीपासून खटपट करतात, परंतु गोल्फ स्टिक कधी हातात न धरलेल्या माणसालाही हे मैदान पहिल्या होलपासून (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरचा खेळाचा एक टप्पा) अठराव्या होलपर्यंत फुकट पायी फिरून पाहता येते, हे आपल्याकडच्या पर्यटकांना सहसा ठाऊक नसते. मैदान सार्वजनिक मालकीचे आहे, १९७४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला एक न्यास त्याची व्यवस्था पाहतो आणि रविवारी तेथे खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी कुत्र्यांना घेऊन, मुलांना घेऊन फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यांवर, फिरतात. पर्यटकानेही तोच दिवस निवडावा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, म्हणजे पुढचे सारे नीट उलगडेल. या मैदानाचा मूळ आराखडा कोणा एका माणसाने काढलेला नाही. धुणे वाळवणाऱ्या बायका, मेंढपाळ, ससे पाळणारे व्यापारी, समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या आणि नंतर आलेली रेल्वे, या सर्वांची वहिवाट आणि त्या वहिवाटीवरून झालेली भांडणे यांतून त्याला आजचा आकार आला. त्यामुळे येथे प्रत्येक होलपाशी उभे राहून ‘ही जागा पूर्वी कोणाच्या वापरात होती’ असा प्रश्न विचारणे हाच मैदान पाहण्याचा सर्वांत फलदायी मार्ग आहे.

निघण्यापूर्वी

सेंट अँड्र्यूजमध्ये रेल्वे स्थानक नाही. एडिंबराहून सुमारे तासाभरात गाडी लूकर्स स्थानकावर पोहोचते आणि तेथून बसने गावात जाता येते. पूर्ण फेरी साडेसहा किलोमीटरच्या आसपास आहे. थांबत, पाहत चालायचे असेल तर तीन तास हाताशी ठेवावेत. जमीन वाळूची असल्याने चिखल फारसा होत नाही, पण वारा अखंड असतो आणि उन्हाळ्यातही समुद्रावरून धुके चढून येते, तेव्हा छत्रीपेक्षा टोपी असलेले जाकीट बरे. हिरवळीचा मान राखावा: बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, उतरू नये, ग्रीनवरून, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, आडवेतिडवे चालू नये, टोकदार टाचांचे जोडे घालू नयेत. ‘ओपन’ ही ब्रिटनमधील मानाची गोल्फ स्पर्धा किंवा अन्य मोठी स्पर्धा असेल तेव्हा रविवारीही खेळ होतो, म्हणून न्यासाच्या संकेतस्थळावर तारीख पाहूनच तिकीट काढावे.

पहिल्या टीपासून बाहेरच्या टोकापर्यंत

सुरुवात रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबाच्या, १८५४ साली बांधलेल्या क्लबहाउससमोरील पहिल्या टीपाशी, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेपाशी, करावी. समोर पसरलेला, शंभर मीटरहून रुंद आणि जवळजवळ सपाट पट्टा पहिल्या आणि अठराव्या होलचा सामाईक फेअरवे आहे. एवढी सपाट, मोकळी जागा गावाला खेटून आहे म्हटल्यावर तिचा उपयोग केवळ खेळासाठी होणे शक्यच नव्हते. पलीकडच्या स्विल्कन ओढ्यावर बायका धुणे धूत आणि कपडे या गवतावर वाळत घालत. गोल्फ खेळणाऱ्यांना त्यांच्यातून वाट काढावी लागे.

येथेच थांबून एक बंदी आणि एक सनद यांची कथा मनात घोळवावी. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण त्यांच्या नादाने तिरंदाजीच्या सरावाकडे दुर्लक्ष होत होते. पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी या जागेत ससे पाळण्याचा हक्क मिळवला, पण त्याच दस्तात गावकऱ्यांचा गोल्फ खेळण्याचा, फुटबॉल खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा हक्क मान्य करण्यात आला. या मैदानाच्या मालकीची सारी पुढची कथा त्या एका कागदाभोवती फिरते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जबाजारी झालेल्या नगर परिषदेने ही जमीन हातची घालवली आणि १७९९ च्या सुमारास ती डेम्प्स्टर नावाच्या व्यापारी कुटुंबाकडे गेली. त्यांनी येथे ससे पाळले. सशांनी बिळे खणून मैदानाची चाळण केली, खेळाडूंनी ससे मारले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. १८२१ मध्ये स्ट्रॅथटायरम येथील जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. पायाखाली पाहत चालल्यास किनाऱ्याकडील भागात आजही सशांच्या लेंड्या आणि उकरलेली वाळू दिसते. खटला कोणी जिंकला हे सशांना कळवायचे बहुधा राहून गेले.

पहिल्या ग्रीनच्या अगदी पुढ्यातून तोच ओढा वळतो. दगडी काठांमध्ये बंदिस्त केलेला हा ओढा उडी मारून ओलांडता येईल इतका लहान आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या होलवर रेंगाळण्याची गरज नाही, मात्र तिसऱ्याचे ‘कार्टगेट’ हे नाव समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेवरून आले आहे, एवढे लक्षात ठेवावे, कारण हेच नाव परतताना पंधराव्या होलला पुन्हा भेटते.

ही पुनरुक्ती समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते. पूर्वी समुद्राकाठची ही चिंचोळी पट्टी एकाच मार्गाने जाऊन त्याच मार्गाने परत येण्यासाठी वापरली जाई. एकूण बारा होल होती; टोकाची दोन वगळता बाकीची दहा जाताना आणि येताना अशी दोनदा खेळली जात, म्हणजे एक फेरी बावीस होलची होई. १७६४ मध्ये सुरुवातीची चार होल फार आखूड वाटल्याने त्यांची दोन करण्यात आली आणि फेरी अठरा होलची झाली. जगभरच्या गोल्फ मैदानांवर आज जी अठरा ही संख्या दिसते, तिचे मूळ येथे आहे. एकोणिसाव्या शतकात खेळाडू वाढले, समोरासमोर येऊ लागले, तेव्हा ग्रीन रुंद करून प्रत्येकावर दोन होल पाडण्यात आली. अशी सात जोडग्रीन आजही आहेत आणि त्यांच्या जोडीतील आकड्यांची बेरीज नेहमी अठरा येते: दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, चौथे आणि चौदावे, याप्रमाणे. मुलांना सोबत नेले असेल तर प्रत्येक ग्रीनपाशी त्यांनाच जोडी ओळखायला सांगावे. कंटाळलेली मुले चालती ठेवण्याचा याहून चांगला उपाय या मैदानावर नाही.

चौथ्या होलचे नाव ‘जिंजर बिअर’ आहे. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड अँडरसन हे मैदानाची देखभाल करणारे गृहस्थ येथे आल्याच्या पेयाची गाडी लावत. राजेरजवाड्यांची आणि विजेत्यांची नावे मिरवणाऱ्या या खेळात एका होलला पेयाच्या गाडीचे नाव टिकून राहावे, हे मला या मैदानाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. सहाव्याच्या नावात एके काळी तेथे माजलेल्या हेदरच्या झुडपांची आठवण आहे. सातव्यावर शेल बंकर पाहावा आणि पुढे निघावे.

नववे होल ‘एंड’, म्हणजे जुन्या फेरीचे टोक. येथील ‘क्रूगर’ आणि ‘मिसेस क्रूगर’ हे बंकर दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या काळातील आहेत. त्या वेळी ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर हे ब्रिटिशांचे शत्रू होते, आणि शत्रूचे नाव खड्ड्याला देण्याची हौस येथे पत्नीसकट भागवण्यात आली.

परतीची वाट

दहावे होल बॉबी जोन्स यांच्या नावाचे आहे, पण त्यांची खरी कथा अकराव्याच्या ग्रीनपाशी उभे राहून आठवावी. पाठीमागे ईडन नदीचे मुख, समोर ‘स्ट्रॅथ’ आणि ‘हिल’ हे दोन बंकर. १९२१ च्या ओपनमध्ये एकोणीस वर्षांच्या या अमेरिकन खेळाडूला ‘हिल’मधून चेंडू बाहेर काढता येईना, त्याने वैतागून चेंडू उचलला आणि स्पर्धेतून अंग काढून घेतले. गाव त्याला विसरले नाही आणि तोही गावाला विसरला नाही. १९२७ मध्ये त्याने येथेच ओपन जिंकली, १९३० मध्ये येथेच ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. हा मान मिळालेला त्याच्या आधीचा अमेरिकन म्हणजे १७५९ सालचे बेंजामिन फ्रँकलिन. डिसेंबर १९७१ मध्ये जोन्स यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी दहाव्याला त्यांचे नाव मिळाले.

चौदाव्यावरील ‘हेल’ बंकर काठावर उभे राहूनच पाहावा. सुमारे तीन मीटर खोल असलेल्या या खड्ड्याची समोरची भिंत गवताच्या वड्या एकावर एक रचून बांधलेली असते आणि जवळून पाहिल्यास तिचे थर स्पष्ट मोजता येतात. समुद्रावरच्या वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी गवत झिजवले, वाळू उघडी पडली आणि बंकर तयार झाले, असे सांगितले जाते. मैदानावर असे एकूण ११२ बंकर आहेत. १९९५ मध्ये जॅक निकलॉस यांच्यासारख्या खेळाडूलाही ‘हेल’मध्ये अडकल्यामुळे हे होल पूर्ण करायला दहा फटके लागले होते; उलट २००० साली टायगर वुड्स यांनी चारही दिवस एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ न देता ओपन जिंकली.

सोळाव्यापासून उजव्या हाताला रेल्वेचा इतिहास सुरू होतो. १८५२ मध्ये लूकर्सहून आलेला लोहमार्ग मैदानाला लागून गावात शिरत असे. १९६९ मध्ये तो बंद झाला. सतराव्या होलच्या टीवर मात्र रेल्वे अजून जिवंत आहे. येथे खेळाडूला चेंडू थेट समोर न मारता उजवीकडच्या शेडवरून उडवावा लागतो. मूळ शेड रेल्वेच्या आवारातील होत्या. त्या गेल्या, १९६८ मध्ये त्या आवारात मोठे हॉटेल उभे राहिले, तरीही फटक्यातील अडचण नाहीशी होऊ नये म्हणून त्याच आकाराची बांधणी नव्याने करण्यात आली. निरुपयोगी झालेली कोठारे केवळ खेळातील अडथळा म्हणून पुन्हा बांधणारे गाव दुसरे सापडणे कठीण. टीच्या मागे उभे राहून शेडकडे पाहावे, मग ग्रीनपर्यंत जावे. ग्रीनला डावीकडून पोखरणारा खोल बंकर, मागे रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत. रस्त्यावर गेलेला चेंडू रस्त्यावरूनच मारावा लागतो. १९७८ मध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा ग्रीनवर पोहोचल्यानंतर त्यांनी हलकेच ढकललेला चेंडू घरंगळत बंकरमध्ये गेला आणि या एका होलवर त्यांचे नऊ फटके झाले.

अठराव्यावर पाऊल ठेवताच स्विल्कन पूल येतो. मेंढपाळांनी जनावरे ओलांडून न्यावीत म्हणून शतकांपूर्वी बांधलेला हा जेमतेम नऊ मीटरचा दगडी पूल आता खेळाडूंच्या निरोपाच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. रविवारी येथे रांग असते. पुलाच्या तोंडाशी गवत सतत झिजते, म्हणून २०२३ च्या सुरुवातीला तेथे फरसबंदी करण्यात आली, तेव्हा इतका गदारोळ झाला की ती काही दिवसांत उखडावी लागली. पुढे फेअरवे आडवा कापत जाणारा ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ हा सार्वजनिक रस्ता आहे आणि त्यावरून आजही लोक ये-जा करतात.

या होलला टॉम मॉरिस यांचे नाव आहे. ते १८२१ मध्ये, चीप यांनी जमीन सोडवली त्याच वर्षी, याच गावात जन्मले. चार वेळा ओपन जिंकले आणि १९०३ पर्यंत या मैदानाची देखभाल त्यांनी केली. त्यांचे दुकान अठराव्या ग्रीनच्या कडेलाच आहे. तरुणपणी ते अ‍ॅलन रॉबर्टसन यांच्याकडे पिसे ठासून भरलेले चामड्याचे चेंडू शिवत असत. गटापर्चा या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू आले, तेव्हा मॉरिस ते वापरताना दिसले म्हणून दोघांत बिनसले. गटापर्चाचा हा चेंडू येथेच जन्मला, आणि त्याची कल्पना पौर्वात्य देशांतून आलेल्या एका विष्णुमूर्तीच्या पेटीतील वेष्टनावरून सुचली, अशी कथा सांगितली जाते. मुंबईशीही या गावाचा धागा आहे: १८४० च्या दशकात मुंबईच्या गोल्फ क्लबाने येथील रॉयल अँड एन्शंट क्लबाला एक रौप्यपदक दिले होते.

ग्रीनपासून थोडे वर, समुद्राकडे तोंड करून उभा असलेला स्तंभ गोल्फचा नाही. धर्मसुधारणेच्या काळात १५२८ ते १५५८ दरम्यान या गावात जाळून मारलेल्या चौघांचे ते स्मारक आहे.

दमला नसाल तर पहिल्या फेअरवेच्या समुद्राकडच्या बाजूला असलेल्या ‘हिमालयाज’ या उंचसखल पटिंग ग्रीनकडे, म्हणजे चेंडू नुसता हलकेच ढकलून खेळण्याच्या हिरवळीकडे, जावे. १८६७ मध्ये स्त्रियांच्या क्लबासाठी ते तयार झाले, कारण स्त्रीने काठी खांद्यावर उचलून फटका मारणे तेव्हा अशोभनीय मानले जाई. समोरच्या दगडी क्लबहाउसमधील क्लबाने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव २०१४ मध्ये केला. ‘हिमालयाज’ सर्वांसाठी खुले असताना थोडे शुल्क भरून कोणालाही काठी आणि चेंडू मिळतो. मात्र खुले राहण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून त्या आधी पाहून ठेवाव्यात. ओल्ड कोर्सवर प्रत्यक्ष खेळायचे असेल, तर मात्र हँडिकॅपचे, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे, प्रमाणपत्र जवळ असावे लागते. खेळाच्या आधी सोडतीत नाव घालावे, आणि ते निघाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घालता यावे म्हणून गावातला मुक्काम दोन-तीन दिवसांचा ठेवावा.