पक्कं लायसन आलं, आता गाडीच्या मागे काय लावायचं?

लायसन आलं की पहिलं काम म्हणजे गाडीवरचा तो लाल एल काढा. बरेच जण महिनोन् महिने तसाच ठेवतात, म्हणे राहू दे, लोक सांभाळून घेतात. पण एलचा अर्थ ठरलेला आहे, चालवणाऱ्याकडे लर्निंग आहे आणि शेजारी पक्कं लायसनवालं माणूस बसलंय. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधे तिसऱ्याच नियमात हे मापासकट दिलंय, पांढऱ्यावर लाल एल, पाटी कमीत कमी १८ सेंमी चौरस, अक्षर १० सेंमी उंच नि २ सेंमी जाड, गाडीच्या पुढेही आणि मागेही. तुम्ही एकट्याच चालवताय आणि मागे एल, मग आमच्या ठाण्यात तीन हात नाक्याला हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली तर त्याचं काही चुकलं नाही. आणि हो, टेस्ट पास झाल्याच्या आनंदात त्याच संध्याकाळी एकटं निघू नका, लायसन डिजिलॉकरमधे दिसायला लागेपर्यंत थांबा.

आता एल काढल्यावर दुसरं काही लावायचं का? आपल्याकडे सक्ती नाही. जपानमधे आहे, तिथे १९७२ पासून नवीन लायसनवाल्याला वर्षभर हिरव्या-पिवळ्या पानाचं चिन्ह पुढे-मागे लावावंच लागतं आणि अशा गाडीला खेटून दाबणं किंवा तिच्यापुढे मुसंडी मारणं हा तिथे गुन्हा आहे. ब्रिटनमधे हिरवा पी असतो, तो ऐच्छिक. आपल्याकडे तसं काही नसलं तरी माझं स्पष्ट मत आहे की लावा, निदान पहिले सहा महिने तरी लावाच.

मी फेब्रुवारीत पास झाले, वय ४३, राहते कोलशेतला. दुसऱ्याच आठवड्यात मानपाड्याच्या फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिक थांबलं, पुढचे हलले, मला हाफ क्लच धरता आला नाही आणि गाडी मागे सरकली. मागे रिक्षा अगदी चिकटून होती, हातभर अंतर राहिलं असेल फारतर, ब्रेक वेळेवर लागला म्हणून वाचलो. तो रिक्षावाला खूप चिडला पण नंतर मला वाटलं की त्याला बिचाऱ्याला कळणार तरी कसं की ही बाई नवीन आहे, कळलं असतं तर त्याने अंतर ठेवलं असतं. घोडबंदर रोडला मागे कंटेनर असतो, टीएमटीची बस असते, टेम्पो असतो, त्या सगळ्यांना आधी कळायला हवं म्हणून ही पाटी.

म्हणूनच ऑनलाइन मिळणारा तो हिरवा पी किंवा जपानी पान घेऊ नका, दिसायला छान आहे पण माजिवड्याला त्याचा अर्थ कुणाला माहीत? देवनागरीत ठळक लिहून घ्या, "नवीन चालक" आणि खाली "अंतर ठेवा". मराठी हिंदी दोन्हीवाल्यांना कळतं. गाड्यांचे स्टिकर बनवणारा कुठलाही रेडियमवाला कापून देतो. अक्षरं निदान ८ सेंमी उंच, पांढऱ्यावर काळी, नक्षीदार फॉन्ट अजिबात नको. लावलीत की सोसायटीच्या पार्किंगमधे २० पावलं मागे जा आणि बघा एका नजरेत वाचता येतं का.

जागा महत्त्वाची आहे. मी आधी मागच्या काचेवर आतून चिकटवलं होतं आणि ती चूक झाली, एक तर आरशातून मागचं कमी दिसायला लागलं, नवीन माणसाला तर आरसाच आधार असतो, आणि दुसरं म्हणजे काचेवर त्या डीफॉगरच्या बारीक रेघा असतात, स्टिकर ओरबाडून काढताना त्यातली एक तुटली, आता पावसात तेवढ्या पट्ट्यावरची वाफ जात नाही. त्यामुळे काच सोडा. डिकीच्या पत्र्यावर, काचेच्या खाली आणि नंबरप्लेटच्या वर लावा, रिक्षातून पण दिसतं आणि टेम्पोच्या उंचीवरून पण दिसतं. नंबरप्लेट, टेललाइट, मधला ब्रेकलाइट यातलं काहीही झाकायचं नाही. पुढे नाही लावलं तरी चालेल, त्रास मागच्यालाच होणार असतो.

स्टिकर की मॅग्नेट? मॅग्नेट घ्या, पण आधी घरातला फ्रिजचा मॅग्नेट डिकीवर चिकटतो का बघा, काही गाड्यांची डिकी फायबरची असते आणि बंपर तर प्लास्टिकचाच असतो, तिथे नाही बसत. आठवड्यातून एकदा काढून मागून पुसायचं, पावसाळ्यात तर नक्की, नाहीतर खाली माती अडकून रंगावर ओरखडे येतात. मॅग्नेटचा मोठा फायदा म्हणजे आमचे हे गाडी नेतात तेव्हा मी पाटी काढून ठेवते. वीस वर्षं चालवणारा माणूस ती पाटी लावून पाम बीच रोडला सुसाट निघाला तर मागचे लोक अशा पाट्यांवर विश्वास ठेवणंच सोडून देतील, आणि ते खऱ्या नवीन माणसाला महागात पडेल.

पण सहा महिने झाले म्हणून लगेच पाटी काढूही नका. चढावर गाडी मागे न जाता उचलता येते, भर पावसात संध्याकाळी कापूरबावडीला लेन बदलता येते, आणि गायमुखचा घाट शेजारी कुणी नसताना एकदा जाऊन-येऊन झालाय, इतकं जमलं की काढा. स्टिकर लावला असेल तर हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यापासून हळूहळू सोलायचा, ब्लेड लावायचं नाही, आणि चिकट राहिलं तर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवून मऊ फडक्याने पुसायचं.