मक्याला ‘बीटी’ समजून होणारं नुकसान: सीमाभागातल्या मका उत्पादकांनो, या चुका टाळा

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. भारतात बीटी मक्याच्या, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीला मारणारं प्रथिन स्वतः तयार करणाऱ्या मक्याच्या, व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही आणि ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणाऱ्या मक्यालाही नाही. जनुकीय फेरबदल केलेलं एकच पीक आपल्याकडे शेतकऱ्याच्या रानात कायदेशीर उभं आहे, ते म्हणजे कापूस, 2002 पासून. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी किंवा खानापूरच्या परवानाधारक दुकानात मिळणारी मक्याची कुठलीही पिशवी, ती कितीही महाग असली तरी, साध्या संकरित बियाण्याचीच असते. हे लक्षात ठेवलं नाही की पुढच्या बहुतेक चुका एकामागोमाग घडत जातात.

रंगीत बियाणं पाहून ‘बीटी’ ठरवणं

पिशवी फोडली की दाणे लाल, गुलाबी, हिरवे दिसतात. तो रंग बीजप्रक्रियेचा. चांगल्या कंपन्यांच्या मक्याला हल्ली सायनट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम यांच्या मिश्रणाची प्रक्रिया करून बियाणं येतं. घरी करायची झाल्यास याच मिश्रणाचं (19.8 + 19.8 टक्के एफएस; एफएस, एससी, डब्ल्यूपी अशी अक्षरं म्हणजे लेबलवर छापलेला औषधाचा प्रकार) प्रमाण किलोला 6 मिली आहे. औषध मुळातून रोपात चढतं आणि उगवल्यापासून साधारण 15 ते 20 दिवस लष्करी अळीला आवरतं. मग त्याचा जोर ओसरतो.

‘पहिले तीन आठवडे रान स्वच्छ होतं, नंतर एकदम अळी पडली, बीटी फेल गेलं’ ही तक्रार नेमकी इथून येते. काहीच फेल गेलेलं नसतं, बीजप्रक्रियेची मुदत संपलेली असते. प्रक्रिया केलेलं बियाणं पेरलं असेल तर पेरणीची तारीख भिंतीवर लिहा आणि पंधराव्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी पोंगे, म्हणजे रोपाच्या मधली गुंडाळलेली कोवळी पानं, तपासायला लागा.

पिशवीवरच्या रोग सहन करण्याच्या दाव्याचंही असंच आहे. पानावरचा करपा सहन करणाऱ्या जाती नेहमीच्या पैदास पद्धतीने तयार होतात. त्याचा जनुकीय फेरबदलाशी आणि अळीशी संबंध नाही.

बीटी म्हणजे सगळ्या किडींवर इलाज, असं समजणं

कापसामुळे ‘बीटी’ हा शब्द घराघरात पोचला, पण तो एका गुणाचं नाव नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची अनेक प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाची कीड ठरलेली आहे. अळीने पान खाल्लं की ते प्रथिन तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात मोकळं होतं, आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि तिथे छिद्रं पाडतं. अळी खाणं थांबवते आणि मरते. ती जागाच नसेल तर प्रथिन निरुपयोगी ठरतं. त्यामुळे मावा, तुडतुडे, खोडमाशी यांच्यावर या अळीविरोधी प्रथिनांचा भरवसा धरता येत नाही.

अमेरिकेत 1996 पासून बीटी मका पेरला जातो. एमओएन 810 या वाणातलं क्राय1एबी प्रथिन मुख्यतः तिकडच्या खोडकिडीसाठी होतं. लष्करी अळीवर त्याचा प्रभाव अपुरा पडतो. टीसी1507 मधल्या क्राय1एफला ही अळी प्युर्तो रिकोत आणि नंतर ब्राझीलमध्ये प्रतिकारक झाली. एमआयआर162 मधलं व्हिप3ए लष्करी अळीवर जोरदार चालतं. तिकडच्या काही मक्यात मुळं खाणाऱ्या भुंग्यासाठीही प्रथिनं असतात, पण तो भुंगा भारतात नाहीच. आपल्या खोडकिडी वेगळ्या, लष्करी अळी तर कर्नाटकात 2018 मध्येच नोंदली गेली. परदेशी मक्याचा व्हिडिओ पाहून इथल्या रानाचा हिशेब करायचा असेल तर कोणतं प्रथिन, कोणती कीड, हे आधी विचारा.

उभ्या मक्यावर ग्लायफोसेट मारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

वनस्पतीच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) असतं, ज्याच्याशिवाय काही आवश्यक अमिनो आम्लं तयार होत नाहीत. ग्लायफोसेट ते विकर बंद पाडतं. एनके603 सारख्या परदेशी मक्यात जिवाणूकडून आणलेलं, ग्लायफोसेटला न जुमानणारं विकर घातलेलं असतं, म्हणून तो तगतो. आपल्या संकरित मक्यात ते नाही. पानावर पडलेलं औषध शेंड्याकडे आणि मुळाकडे वाहतं. चार ते सात दिवसांत पोंग्यातली कोवळी पानं पिवळी पडतात, वाढ थांबते आणि दुसऱ्या आठवड्यात रोप तपकिरी होऊन बसतं.

ग्लायफोसेटच्या लेबलवर मका हे पीक नाही. चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढीच त्याची मान्यता. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेत त्याचा वापर कीड नियंत्रण चालकांमार्फतच (फवारणीचा व्यवसाय करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच) करण्याचं बंधन घातलं होतं. ‘ओळींच्या मधून, टोपी लावून मारलं तर चालतं’ हा सल्लाही मक्यात ऐकू नका. वाऱ्याची एक झुळूक आणि चार थेंब पोंग्यात, एवढ्यावर रोप जातं.

बांधावर किंवा शेजारच्या रानात मारलेल्या औषधाचा फवारा उडून आला असेल तर घाई न करता तपासणी करा. पाच-सहा पानांपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो. सात-आठ दिवसांनी वेगवेगळ्या ठिकाणची दहा रोपं उपटा आणि बुडख्यापासून उभी चिरा. कोंब पांढरा आणि घट्ट असेल तर रोप जगेल, तपकिरी आणि मऊ असेल तर संपलं. युरिया, गुळाचं पाणी, टॉनिक यांनी ग्लायफोसेटचा परिणाम परत फिरत नाही. त्यावर पैसे घालवू नका. फेरपेरणी करायची तर ग्लायफोसेट जमिनीत घट्ट बांधलं जातं, त्यामुळे लगेच पेरता येतं. मात्र पहिल्या पेरणीनंतर ॲट्राझिन मारलेलं असेल तर त्या रानात मकाच पुन्हा पेरा. सोयाबीन किंवा भाजीपाला उगवून जळेल.

मक्याची खरी तणनाशकं चुकीच्या वेळी मारणं

तणासाठी मक्याला जनुकाची गरज भासू नये इतकी औषधं उपलब्ध आहेत, कारण काही तणनाशकं मका मूळ स्वभावानेच पचवतो. ॲट्राझिन त्यातलं पहिलं. पेरणीनंतर 48 तासांच्या आत, जमिनीत ओल असताना, ॲट्राझिन 50 टक्के डब्ल्यूपी एकरी 400 ते 800 ग्रॅम, 200 लिटर पाण्यातून. खानापूरकडच्या हलक्या तांबड्या रानाला 400, अथणी-रायबागच्या भारी काळ्या रानाला 800. सोळा लिटरचे साडेबारा पंप एकराला लागतात, म्हणजे 600 ग्रॅम धरल्यास पंपाला 48 ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवा आणि फवारताना पंप हलवत राहा, नाहीतर ती तळाशी बसते, एका ओळीत तण राहतं आणि दुसऱ्या ओळीत जास्त पडतं. कोरड्या ढेकळांवर मारलेलं ॲट्राझिन वाया जातं.

मक्यात सोयाबीन किंवा तुरीचं आंतरपीक असेल तर ॲट्राझिन नकोच. तिथे पेंडीमेथॅलिन 30 ईसी एकरी 1 ते 1.3 लिटर, तेही उगवणीआधी, आणि बियाणं 4-5 सेंटीमीटर खोल पेरलेलं हवं. भारी, चुनखडीच्या रानात ॲट्राझिन जास्त दिवस टिकतं. खरिपात जास्त मात्रा मारून त्याच रानात हरभरा पेरला तर कडा पिवळ्या पडून रोपं बसतात, आणि दोष हरभऱ्याच्या बियाण्याला दिला जातो.

उगवलेल्या तणासाठी पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी, तण दोन ते चार पानांचं असताना, टेम्बोट्रायोन 34.4 टक्के एससी एकरी 115 मिली, सोबत त्याचं सर्फॅक्टंट (औषध पानावर पसरवणारं द्रावण) 400 मिली. पंपाला सुमारे 9 मिली औषध आणि 32 मिली सर्फॅक्टंट. सर्फॅक्टंट न घालता मारलं तर निम्मं तण जगतं. दुसरा पर्याय टोप्रामेझोन 33.6 टक्के एससी, एकरी 30 ते 40 मिली. तण गुडघ्याला लागल्यावर यातलं काहीही पुरं पडत नाही, मग भांगलणच करावी लागते. स्वीट कॉर्नच्या काही जाती टेम्बोट्रायोनला नाजूक असतात. आधी दोन ओळींवर मारून आठवडाभर पाहा.

लव्हाळ्यावर वरची दोन्ही कमी पडतात. त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन 75 डब्ल्यूजी एकरी 36 ग्रॅम. ते ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकासोबत एकाच टाकीत मिसळू नका, मक्याला इजा होते.

पंपाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 2,4-डी हे तणनाशक उसात आणि मक्यात सर्रास मारतात. अथणी भागात शेजारी द्राक्षबाग असते, आणि द्राक्षवेल या औषधाला अत्यंत नाजूक आहे. फवाऱ्याचा उडालेला अंशही पानं पंख्यासारखी आकसून टाकतो. बागेच्या बाजूला 2,4-डी मारूच नका. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्याला तणनाशकाचाच चपट्या फवाऱ्याचा नोझल लावा.

पान पांढरं दिसलं की औषधाला दोष देणं

टेम्बोट्रायोननंतर मक्यावर फिकट पट्टे आले तर आठ-दहा दिवसांत नवीन पान हिरवं येतं, काही करावं लागत नाही. पण औषध न मारलेल्या रानातही कोवळ्या पानाच्या बुडाला, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढरट पट्टे दिसत असतील तर ती जस्ताची कमतरता आहे. झिंक सल्फेट अर्धा टक्का आणि चुना पाव टक्का फवारा. पुढच्या हंगामात पेरणीवेळी एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या, पण स्फुरदयुक्त खतात मिसळून नको. पान कांद्याच्या पातीसारखं गुंडाळलेलं आणि ताट कडकडीत मोडणारं असेल तर 2,4-डी जास्त झालं आहे.

अळी दिसल्यावर एकच औषध पुन्हा पुन्हा

डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही लष्करी अळीची खूण. घटप्रभा कालव्याच्या पाण्यावर खरिपानंतर लगेच रब्बी मका येतो, त्यामुळे अळीला रान मोकळं मिळतच नाही. पाच ठिकाणी वीस-वीस रोपं पाहा. शंभरात पाच पोंग्यांवर खिडक्या (अळीने खरवडलेले पारदर्शक डाग) पडलेल्या दिसल्या तर निंबोळीयुक्त ॲझाडिरॅक्टिन 1500 पीपीएम लिटरला 5 मिली, किंवा बीटी पावडर लिटरला 2 ग्रॅम. होय, हे बीटी कायदेशीर आहे, हा जिवाणूच फवारायचा. तो उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून संध्याकाळी मारा. पावसाळी हवेत मेटाऱ्हायझियम रिलेई ही बुरशी (लिटरला 5 ग्रॅम) चांगली बसते.

प्रादुर्भाव वाढला तर इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 0.4 ग्रॅम, स्पिनेटोरम 11.7 एससी 0.5 मिली किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी 0.4 मिली, प्रति लिटर. यात सहसा सुटणारी बाब म्हणजे सायनट्रानिलीप्रोल आणि क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल एकाच गटातली आहेत. बीजप्रक्रियेत पहिलं असेल तर पहिल्या फवारणीत दुसरं घेऊ नका, इमामेक्टिन घ्या. नाहीतर एकाच पिकात अळीच्या लागोपाठच्या पिढ्यांना तोच मार बसतो आणि वाचलेल्या अळ्यांचं बेणं तयार होतं. नोझल पोंग्याच्या बरोबर वर धरा. ओळीवरून सरसकट फिरवलेलं औषध विष्ठेच्या भुश्शाखाली लपलेल्या अळीपर्यंत पोचत नाही.

मोठ्या अळीसाठी आमिष करा: 10 किलो साळीचा कोंडा, 2 किलो गूळ, 2-3 लिटर पाणी, 24 तास भिजवून वापरण्याच्या अर्धा तास आधी 100 ग्रॅम थायोडिकार्ब 75 डब्ल्यूपी. हातमोजे घालून पोंग्यात टाका. या रानातला चारा जनावरांना घालू नका.

बिलाशिवाय, बेनाव पिशवी घेणं

कोणी सुट्या पिशवीत ‘राउंडअपवाला मका’ (राउंडअप म्हणजे ग्लायफोसेटचं एक व्यापारी नाव) देऊ केला तर तो दोनपैकी एक असतो: साधा मका, जो फवारल्यावर मरेल, किंवा चोरून आणलेला. 1986 च्या पर्यावरण कायद्याखालच्या 1989 च्या नियमांनुसार असं बियाणं मंजुरीशिवाय विकणं आणि पेरणं बेकायदेशीर आहे. पट्टी-चाचणीने (पानाच्या रसात कागदी पट्टी बुडवून बीटीचं प्रथिन ओळखण्याच्या चाचणीने) खात्री करू म्हणाल तर पट्टी ज्या प्रथिनासाठी बनवली तेवढंच दाखवते. कापसाची पट्टी मक्यावर वापरून निष्कर्ष काढू नका.

त्यातलं घरचं बी राखलं तर आणखी गोंधळ. गुण एकाच पालकाकडून आला असेल तर दुसऱ्या पिढीत सरासरी चौथा हिस्सा रोपांत तो नसतोच. आणि मका परपरागीभवनाचं पीक आहे. तुऱ्याचे परागकण शेजाऱ्याच्या कणसात जातात. संकरित बियाण्याच्या प्लॉटला चारी बाजूंनी 200 मीटर अंतर ठेवतात ते यासाठीच.

आपल्या भागात बियाणं कागल, गडहिंग्लज, मिरजेहूनही येतं. हरकत नाही, पण लॉट नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या, आणि पिशवी, लेबल, मूठ-दोन मूठ बियाणं काढणीपर्यंत जपा. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मान्य केलं आहे. उगवण कमी झाली तर लगेच, रान मोडण्याआधी, आपल्या होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटकच्या कृषी खात्याच्या कार्यालयात, लेखी अर्ज द्या. दुकान महाराष्ट्रात असेल तर त्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला प्रत पाठवा आणि दोन्हीकडची पोच घ्या. पंचनामा रानाच्या जागी होतो, दुकानाचा परवाना मात्र पलीकडच्या हद्दीत असतो. एकाच ठिकाणी अर्ज दिला तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि तोवर पेरणीचा हंगाम निघून जातो.