कोल्हापुरातून कासवांची पिल्लं बघायला जाताना

कोल्हापुरातून निघणाऱ्यांची पहिली चूक तारखेत होते. सुट्टी बघून तारीख ठरते, पण पिल्लं बाहेर येतात ती वाळूच्या उबेवर. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी कोकण किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालते. एका घरट्यात शंभरच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. थंडीत घातलेल्या अंड्यांना जास्त वेळ लागतो, तीच अंडी फेब्रुवारीअखेरची असतील तर लवकर फुटतात. म्हणून गावातल्या कासवमित्राला, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्याला, फोन केलात की "पिल्लं कधी सोडणार?" असं विचारू नका. "45 दिवस उलटलेली किती घरटी आहेत?" असं विचारा. चार-पाच असतील तर निघा. एकच असेल तर आठवडाभर थांबा.

मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीतलं आंजर्ले आणि गुहागर ही तीन ठिकाणं सोयीची. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये काम सुरू केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव होऊ लागला. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड, मंडणगड असा रस्ता. थांबे धरून आठ तास लागतात. गुहागरला जायचं तर चिपळूणहूनच फाटा. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका. दोन मुक्काम ठेवले की सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार वेळा पिल्लं दिसण्याची संधी मिळते. राहायची सोय गावातल्या घरांत, तीही आधी सांगून ठेवलेली बरी. रोख पैसे बरोबर असू द्या.

पिल्लं सोडायची वेळ साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. अर्धा तास आधी पुळणीवर पोचा. हॅचरी म्हणजे जाळीचं कुंपण घातलेली वाळूची जागा. कुत्री, कोल्हे, माणसं आणि भरतीचं पाणी यांच्यापासून वाचवण्यासाठी अंडी रात्रीच इथे आणतात आणि सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. काही तास उलटले की आतला गर्भ कवचाला चिकटतो. नंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो, म्हणून ही घाई. वाळू गरम असेल तर माद्या जास्त होतात, गार असेल तर नर. त्यामुळे घरट्यावर सावली किती, याकडेही लक्ष ठेवावं लागतं.

पिल्लं पाण्याच्या काठापासून थोडी अलीकडे सोडतात. ती चाल त्यांना स्वतःलाच चालायची असते. दोरीच्या मागे उभे राहा. पुढे गेलात तर तुमच्या पावलांचे खड्डे होतात आणि चार सेंटीमीटरची पिल्लं त्यात अडकतात. लाटेने एखादं मागे फेकलं तरी उचलू नका, ते पुन्हा निघतं. फ्लॅश, टॉर्च, मोबाइलचा उजेड पूर्ण बंद. पिल्लं उजळ क्षितिजाकडे वळतात, आणि तुमचा उजेड त्यांना उलट्या दिशेला ओढतो. लहान मुलांना हे गाडीतच समजावून सांगा, किनाऱ्यावर सांगायला वेळ मिळत नाही.

पिल्लू हातात घेऊन फोटो काढायचा मोह आवराच. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला हात लावणं हा गुन्हा ठरू शकतो. सकाळी काहीच आलं नाही, तर संध्याकाळी पुन्हा जा. दुपारी वाळूत पाय भाजतात, तेव्हा चपला बरोबर ठेवा.