एकादशी आणि शुगरची गोळी

मला शुगर निघून अकरा वर्षं झाली. गोळ्या मी नेमाने घेत होते, पथ्यही पाळत होते, पण गोळी डॉक्टरांची आणि जेवण आपलं, असं दोन्ही वेगळं धरून चालले होते. तिसऱ्या वर्षीच्या आषाढी एकादशीला त्याचा फटका बसला. सवयीने सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि नैवेद्य झाल्याशिवाय खायचं नाही म्हणून देवापुढे वाती वळत बसले. साडेअकराला बोटांत कापूस धरवेना, पाठीला गार घाम सुटला. सुनेने मशीन लावलं तर 54.

शुगर 70 च्या खाली गेली की आधी तोंडात गोड घालायचं, बाकीचं नंतर. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. व्होग्लिबोजची गोळी चालू असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. शुगर वर आली की काहीतरी खाऊन घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

त्या दिवशी मी घाबरून वर ताटभर साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खाल्ला. संध्याकाळी शुगर 287! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. वरीचे तांदूळही मोजूनच घ्यायचे. आता मी वाटीभर भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि बिनसाखरेचं ताक घेते. आणि उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारते, त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी एकदम पडण्याची भीती फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर उपाशी राहणं धोक्याचं. तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय ते आजच वाचा, कारण बऱ्याचदा एकाच गोळीत दोन औषधं असतात. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतली तर पोट कमी बिघडतं.

आमच्या सोलापूरकडे सगळे सांगतात, भाकरी खा, शुगर वाढत नाही. मीही अडीच भाकऱ्या खायचे. एकदा परातीतलं पीठ काट्यावर ठेवलं, एका भाकरीला 80 ग्रॅम लागलं. ज्वारीच्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्टच असतं. ज्वारी चांगलीच, पण ती मोजूनच खायची. आता एकच भाकरी, अर्धं ताट पालेभाजी नाहीतर कोशिंबीर, आणि मटकीची उसळ किंवा घट्ट वरण. भाजी आणि उसळ आधी खायची, भाकरी मागून. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते. जेवण झालं की पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या मारते.

तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या हाताने मी एकदा तपासलं तर 340 आली, धुऊन पाहिलं तर 162. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध फार दुखतं. आमच्यासारख्या बहुतेकांना उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत चालते. तुमचा आकडा वेगळा असू शकतो, तो विचारून घ्या. आकड्याशेजारी काय खाल्लं तेही लिहा, नाहीतर ती वही डॉक्टरांच्याही कामाची नाही.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 तपासायला सांगा. पायाला मुंग्या येतात त्या दर वेळी शुगरमुळेच असतात असं नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. पाय मात्र रोज रात्री पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा.